शिवराईवर दर पावसाळ्यात हिरवी भुकटी येते, पुसली तरी पुन्हा येते, काय करावं?

पूर्णाकाठ, दर्यापूर तालुका (८ सप्टेंबर)

नमस्कार जी. इथं दोनेक वर्षं झाली वाचून राहिलो, लिहायची ही पहिलीच वेळ. माझ्याजवळ एक शिवराई आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं जुनं नाणं, तांब्याची, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर सडून राहिली असं वाटते म्हणून विचारतो. फोटो टाकला आहे. विकायची नाही, किंमतही विचारत नाही.

आधी तिची गोष्ट सांगतो, त्यातून जाणकारांना काही कळलं तर. आमच्या आबाजींना ती वावरात सापडली, वखराच्या पासेला लागून ढेकळासोबत वर आली, बाबा तेव्हा शाळेत होते म्हणजे पन्नासेक वर्षं तरी झाली. एकच होती, आजूबाजूला उकरून पाहिलं म्हणे पण काही निघालं नाही. आजीनं ती देवघरात ठेवली ती तिच्या शेवटापर्यंत तिथंच होती. आजीनं ती कधी घासली नाही, फक्त सणावाराला देवांसोबत तिलाही आंघोळ घालायची, पंचामृत मग विहिरीचं पाणी, वरून हळदकुंकू. पूर्ण काळपट हिरवी होती पण "श्री राजा शिव" नीट वाचता यायचं, मी अक्षरं शिकलो तेव्हा आजीनं मला त्याच्यावरचा श्री दाखवला होता ते आठवते. दोन साल झाले आजी गेली. तेरवीनंतर बाबांनी ती माझ्या हातात दिली, म्हणाले तुले नाद आहे, तूच सांभाळ.

मग मी जे केलं ते खरं खरं सांगतो. मागची बाजू, छत्रपति लिहिलेली, बोअरच्या पाण्यानं धुतली आणि भांडे घासायची पावडर लावून जुन्या दातांच्या ब्रशनं घासली. दोन मिनिटांत गुलाबी तांबं निघालं, त्याच्यात बारीक बारीक खड्डे, आणि "ति" ची वेलांटी होती की नव्हती तेच आता कळत नाही. आईनं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, आजीचा हात होता रे त्याच्यावर. दुसऱ्या बाजूला मग हात लावला नाही.

ती प्लास्टिकच्या अल्बमात ठेवली. उन्हाळाभर काही नाही. मृग लागला, दोनचार चांगले पाऊस झाले आणि पोळ्यापर्यंत चार जागी हिरवी भुकटी. मोरचुदासारखी निळी नाही, फिकट, पिस्त्याच्या रंगाची. बोट लावलं की पिठासारखी बोटाला येते आणि खाली मोहरीएवढा खड्डा दिसते. पुसली, खोबरेल तेल लावलं, पंधरा दिवसांत पुन्हा. एका मित्रानं सांगितलं जवसाचं तेल लाव, ते लावलं तर चिकट झाली, धूळ धरून राहिली. हिवाळ्यात थांबलं, उन्हाळ्यात तर एकदम बंद, मला वाटलं सुटलो. यंदा पुन्हा सुरू, आणि आता श्री च्या अगदी बाजूला एक ठिपका आला आहे म्हणून रात्री झोप नाही.

सोनाराकडं वजन केलं, ९.१ ग्रॅम भरलं. हे उन्हाळ्यात थांबते अन् पावसाळ्यात सुरू होते ते काहून? आणि थांबवायचं कसं?

कास्तकार बापू, अकोट

काहून एवढं टेन्शन घेता भाऊ. आमच्या घरी तांब्याचे गुंड हायेत, गंगाळ हाय, पार हिरवे पडले तरी निंबू कापाचं, त्याले मीठ लावाचं अन् घासाचं, आरशावानी चमकते. पैसा बी तांब्याचाच हाय ना. घासून झाला की कोरड्या फडक्यानं पुसजा अन् कापसात गुंडाळून ठेवजा. माया घरचा अनुभव हाय तो सांगतो.

निवृत्त मास्तर, परतवाडा

बापू मनापासून सांगताहेत आणि गुंडाला ते चालतं, गुंड जाड असतो, त्याच्यावर वाचायचं काही नसतं आणि वर्षावर्षाला घासून थोडा झिजला तरी पाणी भरायचं काम होतं. पण पूर्णाकाठ भाऊ, तुम्ही हे करू नका, विशेषतः मीठ तर त्या नाण्याच्या जवळही नेऊ नका, कारण तुमच्या शिवराईचा आजार मिठाचाच आहे. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, नाण्यांचा नाद त्याहून जुना, तर थोडं सविस्तर लिहितो.

तांब्यावर येणारं सगळं हिरवं सारखं नसतं. गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेलं हिरवं किंवा तपकिरी असेल तर तो नाण्याचा कोट आहे, त्याला हात लावायचा नाही. त्याच्या खाली बहुतेक वेळा एक लाल थर असतो, तांब्याच्या ऑक्साइडचा, आणि टाकसाळीत ठसा मारला तेव्हाचा पृष्ठभाग, म्हणजे अक्षरांच्या कडा, पुष्कळदा त्या थरातच टिकून राहिलेल्या असतात, आतल्या तांब्यावर नाही. म्हणून आम्लानं किंवा पावडरनं तो थर काढला की चमक येते आणि अक्षर जातं. तुमच्या मागच्या बाजूला हेच झालं.

आणि पिस्त्याच्या रंगाची पिठूळ भुकटी, खाली खड्डा, ते दुसरंच. त्याला नाणेवाले ब्रॉन्झ डिसीज म्हणतात, नाव काशाचं आहे पण निव्वळ तांब्यालाही होतो. नाणं जमिनीत असताना मिठातलं क्लोराइड आत शिरतं आणि तांब्याशी मिळून कोटाच्या खाली क्युप्रस क्लोराइड होऊन बसतं. कोरडं असेल तोवर गुपचूप. हवेतली ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची ती फिकट भुकटी होते आणि सोबत थोडं आम्ल सुटतं, हायड्रोक्लोरिक, ते आम्ल शेजारचं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्युप्रस क्लोराइड, पुन्हा ओल, पुन्हा भुकटी. म्हणून पुसून काही होत नाही, तुम्ही राख पुसता, निखारा आत आहे.

उन्हाळ्यात का थांबतं तेही यातच आलं. हवेतली आर्द्रता साधारण ४० ते ४५ टक्क्यांच्या खाली असली की हे चक्र फिरत नाही. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की कुलर लावल्याशिवाय श्वास घेववत नाही, तेव्हा नाणं झोपलेलं असतं. मृगानंतर ते उठतं. तुम्ही दोन वर्षं जे बारकाईनं पाहिलं त्यावरूनच रोगाचं निदान झालं, फोटो नसता तरी चाललं असतं.

मीठ कुठून आलं म्हणाल तर दर्यापूर म्हणजे भर खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत ती जमीन पसरली आहे, माती खारी, विहीर खारी, बोअर खारं. नाणं शे-दोनशे वर्षं त्या मातीत होतं, मग आजीबाईंनी श्रद्धेनं पन्नास वर्षं त्याच पाण्यानं आंघोळ घातली आणि शेवटी तुम्ही कोट फोडून बोअरच्या पाण्यानं धुतलं. कुणाचाच दोष नाही, पाणीच तसं.

आता उपाय. क्रम चुकवू नका.

सगळ्यात आधी तेल काढा, कारण तेल असेपर्यंत पाणी आत जाणार नाही. खोबरेल सहज निघेल. जवसाचं मात्र वाळून पापुद्रा धरतं, म्हणून तर ते रंगात घालतात, आणि तेलातली आम्लं तांब्याशी मिळून वेगळंच हिरवं करतात ते निराळं. केमिकलच्या दुकानातून शुद्ध ॲसिटोन आणा, नखांचं रिमूव्हर नको, त्यात सुगंध आणि तेलं असतात. काचेच्या झाकणाच्या बरणीत नाणं बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी बदला, असं तीनचारदा. ॲसिटोन भक्कन पेटतं, चुलीच्या, गॅसच्या, उदबत्तीच्या आसपास नको आणि खिडकी उघडी ठेवा.

मग मीठ काढायचं. डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात कॅन मिळते. घरी येणारं फिल्टरचं पाणी नको, त्यात थोडे क्षार उरतातच. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानंही मीठ निघतं पण फार सावकाश, म्हणून त्यात सोडा घालतात. अर्ध्या लिटरला सोडियम कार्बोनेट, प्रयोगशाळेतलं कोरडं, १४ ग्रॅम आणि खायचा सोडा ११ ग्रॅम, हे साधारण ५ टक्क्यांचं द्रावण झालं, संग्रहालयांतले लोक याला सेस्क्विकार्बोनेट म्हणतात. त्यात नाणं आठवडाभर, मग द्रावण बदलायचं, असं कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने. एक तोटा आहे तोही सांगतो, या द्रावणात हिरव्या कोटाचा रंग थोडा बदलू शकतो, कधी निळसर झाक येते, त्यामुळं ज्याचा कोट फार सुंदर आहे अशा निरोगी नाण्याला हे कुणी करू नये. तुमचं नाणं आजारी आहे, तिथं रंगापेक्षा अक्षर महत्त्वाचं.

मीठ निघून राहिलं की नाही ते कसं कळणार? तुमच्या गावच्या हायस्कुलात सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली असेल. बरणीतलं थोडं द्रावण परीक्षानळीत घ्या, त्यात आधी विरल नायट्रिक आम्ल बुडबुडे थांबेपर्यंत टाका म्हणजे सोड्याचा अडथळा जाईल, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. मीठ असेल तर पांढरं होईल. हे विज्ञानाच्या शिक्षकांच्या हातूनच करा, बोटाला लागलं तर काळे डाग पडतात, आठवडाभर जात नाहीत. मी पोरांना शिकवताना एका नळीत बॅटरीचं पाणी आणि एका नळीत तुमच्याच पट्ट्यातल्या बोअरचं पाणी ठेवायचो. पहिली नळी काचेसारखी राहायची आणि दुसरी थेंब पडताच दुधासारखी. वर्ग गप्प व्हायचा, कारण ते पाणी रोज पिणारी पोरं त्या वर्गात बसलेली असायची.

पुढचं काम नाणं पाण्यातून निघाल्यावर सांगतो.

पूर्णाकाठ

सर, काय बोलू, दोनदा वाचलं. राख पुसतो आणि निखारा आत आहे हे बरोब्बर समजलं. सोडा आणि ॲसिटोनची सोय होते, हायस्कुलातले सर माझ्या ओळखीचे आहेत. एकच विचारतो, त्या श्री च्या बाजूची भुकटी तशीच ठेवून पाण्यात टाकू की काढून? काढायची तर कशानं, सुई चालते का?

नाणीवाली, वर्धा

दादा सुई नका वापरू, सुई पोलादाची, तांब्यापेक्षा कितीतरी टणक, हात जरासा घसरला की तांब्यात कायमची रेघ. बाभळीचा काटा घ्या. खरंच सांगते, मी सात-आठ वर्षं हेच वापरते. वाळलेला, लांब, पांढरा पडलेला काटा, पेन्सिलच्या तुकड्याला दोऱ्यानं बांधला की छान पकड येते. भुकटीपेक्षा काटा टणक आणि तांब्यापेक्षा मऊ, त्यामुळं भुकटी निघते आणि धातू वाचतो. टोक बोथटलं की नवा काटा, बांधावर काही कमी नाहीत.

बसायचं कसं तेही सांगते कारण अर्धं काम तिथंच आहे. सकाळचं ऊन तिरपं येतं त्या खिडकीत, खाली पांढरा कागद, डोळ्याला घड्याळवाल्याचं भिंग. नाणं कडेनं धरायचं, बोटांच्या घामातही मीठ असतं, मी पातळ ग्लोव्हज घालते. काटा खुपसायचा नाही, जवळजवळ आडवा धरायचा आणि भुकटीच्या कडेकडून आत यायचं. भुकटी पिठासारखी सुटते आणि मग एकदम काट्याला काहीतरी लागतं, आवाज बदलतो, खर्र जाऊन टक्क येतो, तिथं थांबायचं. तो टणक थर म्हणजे सरांनी सांगितलेला लाल ऑक्साइड किंवा तांबं. मी एका बसणीला पंधरा मिनिटांच्या वर करत नाही, डोळा थकला की हात हावरा होतो.

भुकटी काढूनच पाण्यात टाका, म्हणजे द्रावण खड्ड्याच्या तळाशी पोचेल. निघालेली भुकटी कागदासकट बाहेर टाकून द्या, दुसऱ्या नाण्यांच्या जवळ झटकू नका.

आणि एक कळकळीनं सांगायचं. आता तुम्हाला कुणीतरी सांगेल की मोबाइलच्या चार्जरची वायर कापा, मीठपाण्यात नाणं आणि चमचा टाका, करंट सोडा, व्हिडिओही आहेत भरपूर. मी केलं होतं. माझ्या आत्याकडचा एक जाड ढब्बू पैसा होता, त्याच्यावर फारसी अक्षरं होती. बुडबुडे आले, पाणी हिरवं झालं, मला वाटलं मळ निघून राहिला. वीस मिनिटांनी काढला तर अक्षरांचा थरच पापुद्र्यासारखा सुटून वाटीच्या तळाशी पडलेला. जुन्या नाण्याचा पुष्कळ भाग धातू उरलेलाच नसतो, तो क्षार होऊन गेलेला असतो आणि फक्त आकार धरून असतो, त्याच्यात करंट गेला की तो धरून राहत नाही. ती वाटी मी दोन दिवस तशीच ठेवली होती, टाकायची हिंमत होईना. आत्याला मी अजूनही सांगितलेलं नाही.

मागच्या गुलाबी बाजूला आता काही करू नका. रंग आणायची औषधं मिळतात, नका लावू, चारपाच वर्षांत ती आपोआप तपकिरी होईल. आणि तो अल्बम बदला. नाकाशी धरून पाहा, नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर ते पीव्हीसी, त्यातून जे सुटतं त्यानं तांबं चिकट हिरवं होतं. मायलरचे, म्हणजे पॉलिएस्टरच्या पारदर्शक प्लास्टिकचे, पाकीट मागा.

नागपुरी

वस्तू मस्त आहे भाऊ. दोन गोष्टी बोलून घेतो.

एक, तुम्ही किंमत विचारली नाही ते बरं केलं, पण फोटो टाकला म्हणजे उद्या मेसेज येतील, लाख देतो, पाच लाख देतो, फक्त आधी फी भरा. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्वतः पत्रक काढून सांगितलं होतं की जुनी नाणी-नोटांच्या व्यवहारात बँकेच्या नावानं फी, कमिशन मागणारे फसवे आहेत. शिवराई हजारोंनी सापडलेली आहे, प्रेमाची वस्तू आहे, लॉटरी नाही.

दोन, वावरात सापडलेलं म्हणून सांगतो. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत १० रुपयांच्या वर असली तर सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं असते, काय सापडलं, कुठं, कोणत्या तारखेला. लोक घाबरून लपवतात किंवा सोनाराला देऊन वितळवून टाकतात, हे फार वाईट होते. कळवलं तर सगळं जप्त असं नाही, सरकारला ठेवायचं असेल तर मोबदल्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, न कळवणाऱ्याला मात्र शिक्षा आहे. तुमची गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची, सापडवणारे आबाजीही नाहीत, तरी एकदा तहसीलमध्ये विचारून एक अर्ज देऊन ठेवा, मन मोकळं राहते. आणि नागपूरला आलात तर अजब बंगल्यात या, १८६३ पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय आहे, तिथं दाखवा.

वाशीमकर

नागपुरी दादांच्या बोलण्याला जोडून लिहितो, कारण हे आमच्या भागात घडलेलं आहे आणि आमच्याच पोरांना माहीत नाही. मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा गाव आहे. १९३९ मध्ये तिथं सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला, सोळाशेच्या आसपास नाणी, पोटीनची, म्हणजे तांबं, कथील, शिसं अशा मिश्र धातूची. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार गोल. दिसायला एकदम साधी, काळपट, कुणी रस्त्यावर पाहिली तर उचलणार नाही. पण हत्तीच्या वर कडेनं ब्राह्मी अक्षरं होती आणि वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकांनी ती वाचली तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं समोर आली, जी पुराणांच्या यादीत नाहीत. शेकडो वर्षं कुणाला माहीत नसलेला राजा चार अक्षरांवर परत आला. त्या ढिगाला कुणी त्या दिवशी निंबू-चिंच लावली असती तर?

शिवराईचंही तसंच आहे भाऊ. कुठं शिव, कुठं सिव, कुठं छत्रपति ऱ्हस्व, कुठं दीर्घ, कुठं ओळींमध्ये दोन दांड्या असलेली दुदांडी. वेगवेगळ्या ठशांचा माग याच फरकांवरून लावतात. तुमच्या मागच्या बाजूची वेलांटी गेली असेल तर ते वाईट झालं, पण आजीच्या वेळचा एखादा देवघराचा फोटो घरात आहे का पाहा, त्यात दिसत असेल.

कास्तकार बापू, अकोट

मास्तर, ताई, सगळं वाचलं. मले हे माहीत नव्हतं. पूर्णाकाठ भाऊ, म्या सांगतलं ते करू नोका, निंबू तर बिलकुल लावू नोका. माया माळ्यावर मायच्या उतरंडीत एका मडक्यात तीन पैसे हायेत, ते घासाचा इचार होता दिवाळीले. आता तसेच ठेवतो. एक सांगा, त्याच मडक्यात खडेमीठ बी ठेवत होती माय, तं हे पैसे बी गेले का?

नाणीवाली, वर्धा

बापू काकाजी, गेले नाहीत, आधी मिठातून बाहेर काढा. खडखडीत कोरड्या डब्यात ठेवा आणि दिवाळीपर्यंत फक्त पाहत राहा. फिकट भुकटी आली तर सरांनी सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू. नाही आली तर काहीच करू नका.

पूर्णाकाठ (११ फेब्रुवारी)

मंडळी, पाच महिने झाले, काय झालं ते सांगतो.

ॲसिटोनला सहा दिवस लागले, जवसाचा पापुद्रा तिसऱ्या दिवशी फुगून सुटायला लागला. मग काटा. ताई, तो आवाज बदलतो ते पहिल्या दोन दिवसांत मला कळलंच नाही, तिसऱ्या दिवशी घरचे सगळे वावरात कापूस वेचायला गेले होते, घर एकदम शांत, तेव्हा ऐकू आला. खर्र आणि मग टक्क. त्यानंतर हात आपोआप थांबत गेला. चार ठिपक्यांना अकरा दिवस लागले, रोज दहा-पंधरा मिनिटं.

सोड्याच्या द्रावणात ऑक्टोबरात टाकली. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर थोडं द्रावण शिशीत घेऊन सरांकडं जायचं. पहिल्या शुक्रवारी नळी दह्याच्या निवळीसारखी पांढरी झाली, मी आणि सर दोघंही पाहतच राहिलो, एवढ्याशा पैशात एवढं मीठ. सोबत आमच्या बोअरचं पाणीही तपासलं, ते मास्तरांनी सांगितल्यासारखं दूध. चौथ्या आठवड्यात नुसती धुरकट, मग दोन आठवडे तशीच अडून राहिली, मला वाटलं आता यापुढं होत नाही. नवव्या आठवड्यात नळीमागं काळा कागद धरला तरच दिसेल इतकी, आणि अकराव्या आठवड्यात काहीच नाही. त्यानंतर सोडा काढायला तीन आठवडे नुसत्या बॅटरीच्या पाण्यात, दर तीन दिवसांनी बदलून. मग मास्तरांना विचारून ॲसिटोनमध्ये बुडवून काढली आणि टेबललॅम्पखाली दिवसभर वाळवली. शेवटी बंद डब्यात ओला कापूस एका बाजूला, नाणं काचेच्या बशीत दुसऱ्या बाजूला, दोन दिवस ठेवून पाहिलं, भिंगातून एकही नवा ठिपका नाही.

श्री वाचला. उजवीकडं खड्डा आहे पण अक्षराला लागला नाही, शिव पण पूर्ण आहे. रंग थोडा निळसर झाला कडेला, मास्तर म्हणाले होते तसाच. मागच्या बाजूचं छत्र वाचता येते, प अर्धा, ति ची वेलांटी नाही. वाशीमकर दादा, तुमच्या सांगण्यावरून फोटो शोधले, माझ्या बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये देवघराचा एक फोटो आहे, त्यात बाळकृष्णाच्या बाजूला नाणं दिसते पण समोर श्री चीच बाजू आहे. आजी तीच बाजू वर ठेवायची. म्हणजे ती वेलांटी ऱ्हस्व होती की दीर्घ ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

तहसीलमध्ये अर्ज दिला, पोच घेतली. आता ठेवायची कशी तेवढं सांगा, आईला ती देवघरात परत हवी आहे.

निवृत्त मास्तर, परतवाडा

भाऊ, फार छान काम केलं. अकरा आठवडे दर शुक्रवारी नळी घेऊन जाणारा माणूस मी विद्यार्थ्यांमध्येही थोडाच पाहिला.

संग्रहालयात यानंतर बेन्झोट्रायझोल नावाचं रसायन देतात आणि वरून मेणाचा किंवा लॅकरचा पातळ थर. ते रसायन अंगाला चांगलं नाही, घरी करू नका, नागपूरला दाखवायला न्याल तेव्हा तिथं विचारा. तोवर कोरडेपणा हेच औषध. घट्ट झाकणाचा काचेचा किंवा चांगल्या प्लास्टिकचा छोटा डबा, तळाशी सिलिका जेलचे पांढरे दाणे मूठभर, त्यावर जाळी, जाळीवर मायलरच्या पाकिटात नाणं. जोड्यांच्या खोक्यातल्या पुड्या नकोत, त्या बहुतेक आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात. दाणे सुटे घ्या आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी जुन्या तव्यावर मंद आचेवर तासभर गरम करून, थंड करून परत घाला. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवलात तर उत्तम, काटा ४० च्या खाली पाहिजे. लाकडी पेटी, पुठ्ठा, रबरबँड यातलं काही नको, कापूसही नको.

आईंना देवघरात हवी असेल तर तो डबाच देवघरात ठेवा, काचेतून दर्शन होईल, श्री ची बाजू वर. हळदकुंकू डब्याच्या झाकणाला. आंघोळ मात्र आता नको, हे त्यांना तुम्ही नीट समजावून सांगा, माझं नाव सांगितलं तरी चालेल.

खरी परीक्षा मृगानंतर आहे. जूनपासून पोळ्यापर्यंत दर आठवड्याला भिंगातून पाहा आणि फोटो काढून ठेवा, आता दोन्ही बाजूंचे काढा. पिस्त्याच्या रंगाचा एक जरी ठिपका दिसला तरी वाट न पाहता इथं टाका, पुन्हा काटा आणि पुन्हा सोडा.

पूर्णाकाठ

हो सर. डबा आणला आज. आईनं झाकणाला कुंकू लावलं.